गूजबेरी म्हणजे आवळा नव्हे

सुपरमार्केटमधल्या सॉव्हिन्यों ब्लाँच्या बाटलीवर मागच्या बाजूला 'गूजबेरी' हा शब्द पहिल्यांदा वाचला, तेव्हा तो आपल्याला कळला असं मला वाटलं होतं. गूजबेरीचा अर्थ मी आवळा असा शिकले होते, आणि आवळा मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मीठ लावून उन्हात वाळवलेला आवळा, मोरावळा, शाळेबाहेरच्या गाडीवरचा तिखटमीठ लावलेला आवळा, आणि तो खाऊन वर पाणी प्यायलं की घशात उतरणारी ती गोडी. ग्लास हातात धरून मी हे सगळं त्यात शोधत राहिले. काही सापडलं नाही. शेवटी आपलं नाकच कच्चं असणार असं ठरवून ग्लास संपवला.

पुढे दोनेक वर्षांनी केंटमधल्या एका शेतावर, जिथे आपल्या हाताने फळं तोडायची आणि वजनावर पैसे द्यायचे असतात, खरी गूजबेरी तोंडात टाकली. हिरवी, शिरा दिसतील इतकी पातळ साल, अंगावर बारीक लव, आत बिया आणि झणझणीत आंबट गर. आवळ्याशी तिचं नातं रंगापुरतं. वनस्पतिशास्त्रात तर ही दोन झाडं एकमेकांची कोणीच लागत नाहीत. भारतात आलेल्या इंग्रजांना आवळा पाहून आपल्या गावची गूजबेरी आठवली, त्यांनी त्याला 'इंडियन गूजबेरी' म्हटलं, आणि आपण पाठ करताना त्यातलं 'इंडियन' गाळलं. 'केप गूजबेरी' म्हणजे आपली रसभरी, ते आणखी तिसरंच फळ. इकडे यॉर्कशरमधल्या एग्टन ब्रिज या गावात १८०० सालापासून गूजबेरीची स्पर्धा भरते आणि सर्वात वजनदार फळाला बक्षीस मिळतं. ज्या देशात दोनशे वर्षं एका फळाची वजनं करतात, त्या देशातल्या माणसाला वाइनमध्ये ते फळ सापडलं तर नवल नाही. मला ते सापडलं नाही यातही नवल नव्हतं. पण हे त्या वेळी कोणी सांगितलं नाही.

वाइनच्या बाटलीवर, दुकानाच्या फळीवर, वर्तमानपत्राच्या शनिवारच्या पुरवणीत जी दोनतीन ओळींची वर्णनं असतात, त्यांना इथे 'टेस्टिंग नोट' म्हणतात. हा इंग्रजीतला एक लहानसा पण भरपूर लिहिला जाणारा साहित्यप्रकार आहे असं मी मानते. त्याला परंपरा आहे, संकेत आहेत, गाजलेले लेखक आहेत, नकलाकार आहेत. मराठी माणूस इथे येतो, हळूहळू वाइन प्यायला लागतो, आणि या साहित्यप्रकाराचा वाचक होतो. बहुतेक वेळा मुका वाचक. पार्टीत कोणी "ब्लॅककरंट येतोय बघ" म्हणालं की मान डोलावतो.

ही वर्णनं नेहमीच फळांची यादी नव्हती. जॉर्ज सेंट्सबरी हे इंग्रजी साहित्याचे मोठे प्राध्यापक. त्यांचं 'नोट्स ऑन अ सेलर-बुक' १९२० मध्ये आलं. त्या काळच्या लिखाणात वाइनचं वर्णन माणसासारखं व्हायचं. ती खानदानी असायची, पुरुषी असायची, प्रामाणिक असायची. त्यातला वर्गाचा माज उघड होता. एव्हलिन वॉ यांनी १९४५ च्या 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड'मध्ये त्याची मस्त टर उडवली आहे. दोन तरुण मोठ्या घरातल्या तळघरातल्या बाटल्या रिकाम्या करत जातात आणि जसजशी चढत जाते तसतशी त्यांची वर्णनं चेकाळत जातात. ज्यांनी तो प्रसंग वाचला आहे त्यांना पुढे कोणतीही टेस्टिंग नोट पूर्ण गांभीर्याने वाचता येत नाही.

या फुग्याला टाचणी लावली ती विज्ञानाने. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वासांचं एक चक्र तयार केलं. मधोमध ढोबळ गट, बाहेरच्या कड्यात नेमके वास. 'खानदानी' वगैरे शब्दांना त्यात जागा नाही. जे नाकाला कळतं आणि दुसऱ्याला दाखवून देता येतं तेवढंच लिहायचं. लंडनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या 'वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट'ने, म्हणजे सगळे ज्याला डब्ल्यूसेट म्हणतात त्या संस्थेने, वाइन चाखण्याची एक शिस्त बसवली आणि सोबत शब्दांची यादी दिली. आज जगभर हजारो विद्यार्थी हीच यादी समोर ठेवून ग्लास हुंगतात. मीही एका हिवाळ्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन हुंगला आहे. खरं सांगायचं तर या बदलाचं मला कौतुक आहे. 'खानदानी' हा शब्द ज्याचं खानदान आहे त्यालाच वापरता येतो. 'लिंबू' कोणालाही वापरता येतो.

फक्त प्रश्न असा की लिंबू कोणाचं?

ब्लॅककरंटचंच घ्या. कॅबर्ने सॉव्हिन्यों म्हटलं की ब्रिटिश लेखणीतून हा शब्द आपोआप उतरतो. त्यामागे एक सरबताची बाटली आहे. रायबीना १९३८ मध्ये बाजारात आलं. युद्धात संत्री मिळेनाशी झाली तेव्हा 'क' जीवनसत्त्वासाठी सरकारने ब्लॅककरंटचं सरबत लहान मुलांना फुकट वाटलं. त्यानंतरच्या प्रत्येक ब्रिटिश पिढीच्या बालपणावर त्याचा जांभळा डाग आहे. उलट अमेरिकेत याच झुडपामुळे पाइनच्या झाडांवर रोग पसरतो म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या लागवडीवर बंदी आली. केंद्र सरकारची बंदी १९६६ मध्ये उठली, काही राज्यांची तर त्याहून बरीच उशिरा. म्हणजे तिकडच्या कित्येक पिढ्यांनी हे फळ खाल्लेलंच नाही. दोन्हीकडे कॅबर्ने तीच, भाषाही एकच, पण एकाला त्यात आजीच्या घरचं सरबत भेटतं आणि दुसऱ्याला फक्त पुस्तकातला शब्द. अमेरिकन माणसाची ही गत, मग सांगलीहून आलेल्याने किती लाजायचं?

त्या यादीत उष्ण प्रदेशातली फळंही आहेत. केळं, लिची, अननस, आंबा. 'आंबा', एवढाच. हापूस नाही, पायरी नाही, रायवळ नाही, पाडाचा नाही, कैरी तर नाहीच. गूजबेरीला स्वतंत्र जागा आणि आख्ख्या आंबेकुळाला मिळून एक शब्द! आणि इथल्या सुपरमार्केटमध्ये वर्षभर जो लालहिरवा, घट्ट, वाहतुकीला टिकाऊ आंबा मिळतो तो ज्याच्या नाकात आहे, त्याचा 'आंबा' आणि माझा 'आंबा' यांची कधी गाठ पडेल असं वाटत नाही. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की ही यादी पाठ करायची सक्ती नाही, अचूक असेल तर दुसरा शब्दही चालतो, असं ती संस्था स्वतःच सांगते. पण वर्गात बसलेल्या नवख्याला अचूक शब्द कोणता ते कळायचं कसं? तो यादीतला शब्द उचलतो. मीही उचलला. गूजबेरी खाण्याआधी मी निदान पाच वेळा कागदावर 'गूजबेरी' लिहिलं होतं, आणि शिक्षकांनी त्यावर बरोबरची खूण केली होती.

या लाजेतून मला बाहेर काढलं ते आईने. ती उन्हाळ्यात आमच्याकडे आली होती. दारूच्या थेंबाला तिने कधी हात लावलेला नाही आणि आम्ही पितो हेही तिला फारसं आवडत नाही. मी चिलीच्या कॅबर्नेची एक स्वस्तातली बाटली उघडून ग्लास ओट्यावर ठेवला होता. ती भाजी निवडत बसली होती. मधेच म्हणाली, "अगं, ढोबळी मिरची चिरलीयस का? भाजी तर भेंडीची करायची ना?" घरात ढोबळी मिरची नव्हती. मी ग्लास तिच्या नाकापाशी नेला. "हेच. देठाजवळची, हिरवी, बियांसकट," ती म्हणाली आणि तोंड फिरवून भेंडी पुसायला लागली.

तिने सांगितलं ते रसायनशास्त्राप्रमाणे तंतोतंत बरोबर होतं. कॅबर्ने आणि सॉव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षांत मेथॉक्सिपायराझीन नावाची द्रव्यं असतात आणि त्यांतलंच एक ढोबळी मिरचीला तिचा वास देतं. द्राक्ष पुरतं पिकलं नाही, उन्हाला आलं नाही, की वाइनमध्ये हा वास राहतो. म्हणजे ही उपमा नव्हती, ओळख होती. वाइनमधल्या वासांबद्दल बोलताना हा फरक आपण करत नाही आणि तिथे सगळा घोळ होतो. काही शब्द 'त्यासारखा वास' सांगतात. काही शब्द सांगतात की बरणीत जे आहे तेच ग्लासात आहे.

आणि या दुसऱ्या प्रकारात मराठी स्वयंपाकघर अजिबात गरीब नाही. शिराझमध्ये जो काळ्या मिरीचा झटका येतो तो ज्या द्रव्यामुळे, ते रोटंडोन ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये जाहीर केलं. खुद्द मिरीतही तेच असतं. न्यूझीलंडच्या सॉव्हिन्यों ब्लाँला, ज्यांनी इथल्या सुपरमार्केटच्या फळ्या व्यापल्या आहेत, जो उसळता फळांचा वास असतो त्याला इथले लोक पॅशनफ्रूट म्हणतात. तो वास गंधकाच्या ज्या संयुगांमुळे येतो ती गुलाबी पेरूतही सापडतात. मी 'पेरू' लिहिलं तर ते माझं गावाकडचं हळवेपण नाही. मस्कत द्राक्षातला लिनालूल आपल्या धण्यांत असतो. लाकडाच्या पिंपात मुरलेल्या वाइनला लवंगेचा वास येतो तो लवंगेतल्याच युजेनॉलमुळे, आणि पिंप अमेरिकी ओकचं असेल तर नारळाचाही. रिओहाची जुन्या पद्धतीची एखादी वाइन हुंगताना मला ओल्या खोबऱ्याची वडी आठवते, आणि त्याबद्दल माझ्या मनात आता कसलीही शंका येत नाही.

मला सर्वात आवडलेलं उदाहरण मेथीदाण्याचं. फ्रान्सच्या जुरा भागात 'व्हँ जोन' नावाची पिवळसर वाइन करतात. ती वर्षानुवर्षं पिंपात ठेवतात, पिंप मुद्दाम काठोकाठ भरत नाहीत, आणि वर यीस्टची साय धरते. तिच्याबद्दलच्या ब्रिटिश नोट्समध्ये 'करी पावडर' हा शब्द हमखास येतो. वर्गात तो शब्द ऐकून मी मनातल्या मनात चिडले होते. पुन्हा करी! पण हुंगल्यावर कळलं की तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्या वाइनमध्ये सोटोलोन असतं आणि मेथीदाण्याचा वास मुख्यतः सोटोलोनचाच. इंग्रजांच्या डबाबंद करी पावडरीत मेथी ठासून भरलेली असते. त्यामुळे त्याला डबा आठवला आणि मला बाळंतिणीचे मेथीचे लाडू. द्रव्य एक, स्वयंपाकघरं दोन. त्याच्यापेक्षा माझा शब्द जास्त नेमका होता एवढं मात्र मी म्हणेन, कारण डब्यात दहा मसाले असतात.

रीझलिंग जुनी झाली की तिला येणाऱ्या वासाला इथे 'पेट्रोल' म्हणतात आणि ते कौतुक असतं. माझ्या पिढीच्या ज्या लोकांनी रेशनच्या रांगेत डबा घेऊन घासलेट आणलं आहे, त्यांना हा शब्द सुचवायची गरज नाही. फक्त ते कौतुक आहे हे पटायला वेळ लागतो. उलट ओल्या मातीचा वास. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या वासातलं जिऑस्मिन वाइनमध्ये आलं तर तो दोष समजतात, द्राक्षं बुरशीने खराब झाल्याची खूण. आपल्याकडे कनौजला त्याच वासाचं अत्तर काढून बाटलीत भरतात. चांगलं काय आणि वाईट काय हे नाक ठरवत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मग सोपं आहे, इंग्रजी यादी काढायची आणि मराठी यादी लावायची. असे प्रयत्न होतातही. गूजबेरीच्या जागी आवळा, ब्लॅककरंटच्या जागी जांभूळ, लाइमच्या जागी कागदी लिंबू, आणि झाली 'आपली' वाइन. मला हे तितकंच खोटं वाटतं. जांभळाला नाकाशी धरून पाहा, वास बेताचाच आहे. जांभूळ म्हणजे जिभेवर बसणारा तुरटपणा आणि आरशात जीभ काढून पाहिलेला रंग. कॅबर्नेतला ब्लॅककरंट ही नाकाची गोष्ट. रंग जुळला म्हणून शब्द जुळवला, तर हे पुन्हा आवळ्याचंच प्रकरण.

रंग नाकाला किती फसवतो याचा एक प्रयोग या विषयात आता पुराणकथेसारखा सांगितला जातो. बोर्दोमध्ये वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी वाइन ठेवली आणि तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालून पुन्हा ठेवली. लाल दिसणाऱ्या ग्लासाचं वर्णन त्यांनी तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. हा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून 'वाइनतज्ज्ञ म्हणजे थोतांड' म्हणणाऱ्यांच्या हातात कोलीत आहे. मला त्यातून तसा निष्कर्ष निघत नाही. ते विद्यार्थी खोटं बोलत नव्हते. डोळ्यांनी सांगितलेलं नाकाने ऐकलं, एवढंच. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एड्रियन लेहरर यांनी तर त्याआधीच वेगळी परीक्षा घेतली होती. एकाने केलेल्या वर्णनावरून दुसऱ्याला ती वाइन ओळखता येते का? साध्या पिणाऱ्यांची कामगिरी अंदाजाने खूण करण्यापेक्षा फारशी बरी निघाली नाही. त्यात भर म्हणजे नाकंही सारखी नसतात. वर सांगितलेलं मिरीतलं रोटंडोन सुमारे पाचांपैकी एका माणसाला जवळजवळ येतच नाही. माझा नवरा त्या एकांपैकी आहे असा माझा संशय आहे. शिराझबद्दल आमच्यात मतभेद होतात ते सगळे भाषेचे नसतात.

तेव्हा नेमकेपणाचा फार आव आणण्यात अर्थ नाही. पण मराठीकडे फळांच्या नावांखेरीज दुसरं काहीतरी आहे आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. 'तुरट' हा शब्द घ्या. तांबड्या वाइनमधलं टॅनिन जिभेला जे करतं त्याला इंग्रजीत रोजच्या वापरातला साधा शब्दच नाही. 'अ‍ॅस्ट्रिंजंट' हा दवाखान्यातला शब्द आहे, म्हणून शिक्षक सांगतात की खूप वेळ उकळलेल्या बिनदुधाच्या चहाची आठवण करा. आपल्याकडे तुरट ही सहा रसांपैकी एक चव आहे, तीन वर्षांच्या पोराला माहीत असलेली. कच्चं केळं, सुपारी, हिरडा, कवळं बोर. आणि त्यातही तुरट, तुरटसर, आंबटतुरट असे पदर. आंबट, आंबटसर, आंबूस या तिघांत फरक आहे आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आंबटसर वाइन जेवणाबरोबर छान लागते, आंबूस वाइन ओतून द्यायची. कडू वेगळं, कडवट वेगळं. करपट वेगळं आणि खरपूस वेगळं, जळण्याची क्रिया एकच असली तरी. शार्दोनेच्या पिंपाला आतून आंच देतात तेव्हा खरपूस आणि करपट यांच्यामधली रेघच तर सांभाळायची असते.

वासांच्या दोषांना तर आपल्याकडे थेट शब्द आहेत. बुचामुळे बिघडलेल्या वाइनला इंग्रजी पुस्तकं 'ओला पुठ्ठा', 'तळघर' अशी वस्तूंची नावं देतात. मराठीत एकच शब्द पुरतो: कुबट. हवा लागून जुन्या झालेल्या तेलकट वासाला खवट. ऑक्सफर्डच्या अ‍ॅसिफा माजिद यांनी मलाय द्वीपकल्पातल्या जहाय भाषेवर काम केलं आहे. त्या लोकांकडे वासांसाठी असे वस्तूंपासून सुटे झालेले शब्द आहेत, आणि इंग्रजी बोलणारे वासांना नाव देताना चाचपडतात तसे ते चाचपडत नाहीत. माजिद आणि निकलास बुरेनहुल्ट यांचा हा निबंध २०१४ चा. वाचताना मला सारखं वाटत होतं की मराठी या दोहोंच्या मधे कुठेतरी उभी आहे. दर्प, उग्र, कुबट, खवट, खमंग, हे शब्द कोणत्याही एका फळाचे नाहीत. आणि वासाचा जोर सांगायला डब्ल्यूसेटच्या पायऱ्या आहेत त्या 'मध्यम उणे', 'मध्यम अधिक' अशा, हिशेबाच्या वहीतल्या. आपण म्हणतो मंद, दरवळ, घमघमाट. 'दरवळ'मध्ये वास किती आहे हे तर येतंच, तो कसा चालत येतो हेही येतं.

मग हे शब्द वाइनबद्दल कोणी वापरलेत का? फारसे नाहीत. नारायणगावच्या शाटो इंदाजची 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन १९८० च्या दशकातच ब्रिटनमध्ये पोचली होती. २०११ मध्ये वेटरोजने रितूची व्हिओन्ये आणि झाम्पाची सिरा ठेवली, दोन्ही महाराष्ट्रातल्या. नाशिकची सुला तर आता ओळख करून द्यावी अशी राहिलेली नाही. मी पाहिलेल्या यांतल्या प्रत्येक बाटलीवर चवीचं वर्णन इंग्रजीत आणि इंग्रजी फळांचं होतं. परदेशी गिऱ्हाइकासाठी ते समजू शकते. पण २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मराठीत वाइनवर जेवढं लिहिलं-बोललं गेलं तेवढं कधीच गेलं नसेल. वाइन म्हणजे दारू की शेतमाल, यावर रान उठलं. संस्कृती बुडाली, शेतकरी तरला, उपोषणाचे इशारे झाले. मी इथून सगळं वाचत होते. त्या ढिगात ती वाइन लागते कशी याबद्दल एक वाक्य मला दिसलं नाही. ज्या नाशिकमध्ये थंडीत द्राक्षं पिकावीत म्हणून वेलींची वर्षातून दोनदा छाटणी करतात, तिथल्या शेतकऱ्याला साखर किती चढली, आंबटपणा किती उतरला हे नक्कीच मराठीत बोलावं लागत असणार. ते बोलणं कागदावर येत नाही. सोनल हॉलंड २०१६ मध्ये 'मास्टर ऑफ वाइन' झाली, ही परीक्षा १९५३ पासून घेतात आणि तोवर भारतात राहणारं कोणी ती पार करू शकलं नव्हतं. हाँगकाँगच्या जीनी चो ली यांनी आशियाई जिभेसाठी पुस्तकं लिहिली. रस्ता बंद आहे असं म्हणायला जागा नाही. आपण त्यावर मराठीतून चालत नाही, एवढंच.

इथल्या बाजूनेही एक तक्रार नोंदवते. बाटलीवर 'मसालेदार आशियाई जेवणाबरोबर छान' असं लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा गेवुर्ट्सट्रामिनरवर. पिठल्याबरोबर ती घेऊन बघा. गुलाबाचं अत्तर लावून कोणी पंगतीत बसल्यासारखं होतं.

गेल्या उन्हाळ्यात आई पुन्हा आली तेव्हा मी केंटमधली बॅकस आणली. बॅकस हे द्राक्ष जर्मनीत तयार केलेलं, पण त्याला घर मिळालं ते इंग्लंडमध्ये, आणि इथले टीकाकार त्याच्याबद्दल लिहितात तेव्हा त्यांना कंठ फुटतो. एल्डरफ्लॉवर, खाजकुयलीसारखी ती नेटल, शेताच्या कडेचं कुंपण. आधी या शब्दांवर मी हसायचे. कुंपणाला कसला वास? पण माझी मुलगी रेडिंगमध्ये जन्मलेली, त्या कुंपणांच्या कडेने शाळेत गेलेली. तिने ग्लासात नाक घातलं आणि म्हणाली, "आई, नेटल. लहानपणी पायाला लागायचं ना, ते. आणि कॉर्डियल." तिला यादी कोणी दिलेली नव्हती. मी ग्लास आईकडे सरकवला. तिने लांबूनच हुंगल्यासारखं केलं, मग जरा जवळून.

"हरभऱ्याचा डहाळा," ती म्हणाली. "सकाळचा, दव पडलेला. हाताला आंब लागते तसा."

"डहाळा म्हणजे काय गं आजी?" मुलीने विचारलं. आईने तिला सोलाण्यांपासून सांगायला सुरुवात केली आणि जेवणं थंड झाली. मी वहीत दोन्ही लिहून ठेवलं, नेटल आणि डहाळा, एकाखाली एक. मला त्या दिवशी सर्दी होती.